येळवशीला कागद काढत नसतात

परवा लेकीचा पुण्याहून फोन आला. तिच्या कंपनीत तिच्या हाताखाली काही माणसं आहेत, आणि ती म्हणे एकमेकांशी बोलतच नाहीत. शेजारी बसून कॉम्प्युटरवर निरोप पाठवतात. वरून हुकूम आलाय की टीम बिल्डिंगचा काहीतरी कार्यक्रम घ्या. "आई, फुगे फोडायचे, दोरी ओढायची की रिसॉर्टला न्यायचं? काहीतरी सुचव ना."

मी म्हटलं, "तुला येळवस आठवते का?"

ती हसली. तिला आठवणारच. ती तेव्हा तिसरीत होती आणि त्या सगळ्या भानगडीचं मूळ खरं तर तीच होती.

लातूर जिल्हा नवा झाला होता त्या वेळची ही गोष्ट. नवा जिल्हा म्हटलं की लोकांना ढोल-ताशे आठवतात. मला आठवतात त्या मोडक्या खुर्च्या. नव्या जिल्ह्यात नवी कचेरी उघडायची, तर जुन्या कचेऱ्यांनी सामान आणि माणसं द्यायची. आता मला सांगा, आपल्या घरातली चांगली खुर्ची कोण देतं? सगळीकडून तीन पायांच्या खुर्च्या आल्या, न लागणारी कपाटं आली आणि कुणालाच नको असलेली माणसं आली. मी त्यातलीच. नांदेडच्या कचेरीत मी आमच्या वरिष्ठांना भर मीटिंगमध्ये "तुम्हाला नियम माहीत नाही" असं म्हटलं होतं. नियम मीच बरोबर सांगितला होता, म्हणून तर मला पाठवलं. चुकले असते तर ठेवून घेतलं असतं.

माझा नवरा मुदखेडला शाळेत शिक्षक. लेक त्याच्याजवळ आणि सासूबाईंजवळ. मी लातुरात एका खोलीत, जिथे नळ नावापुरता होता. शनिवारी दुपारी बस धरायची, अहमदपूर, लोहा करत नांदेडला उतरायचं, तिथून मुदखेड. पोचेपर्यंत लेक झोपलेली असायची. रविवारी ती माझ्याशी तुटक बोलायची, जेवताना बापाच्या बाजूला बसायची, आणि मी निघाले की न सांगता परसात जाऊन उभी राहायची. एकदा म्हणाली, "तू पाहुणी आहेस ना, मग चहा पिऊन जा." हे तिने रागाने म्हटलं असतं तर मी दोन धपाटे घातले असते. तिने अगदी सरळ म्हटलं. त्या दिवशी बसमध्ये मी लोह्यापर्यंत रडले. सोमवारी मी परत नांदेडला बदली मागणारा अर्ज लिहिला.

अर्ज लिहून काय होतं? साहेबांची शिफारस लागायची. आमचे साहेब तरुण, पुण्याकडचे, शर्टाला कडक इस्त्री करणारे. ते म्हणाले, "बाई, माणसं आधीच कमी आहेत. तुम्हाला कशी सोडू?" आणि अर्ज माझा मलाच परत दिला.

आता कचेरीतल्या माणसांची ओळख करून देते. आस्थापनेच्या टेबलावर बडेबाबू. लातूरचेच, लिंगायत, कपाळाला भस्म, बोलणं हळू, औसा रोडला वडिलोपार्जित रान. हिशेबाच्या टेबलावर धाराशिवकर. हे सतत "आमच्या धाराशिवच्या कचेरीत असं नव्हतं" म्हणायचे, इतकं की मला वाटायचं यांना त्या कचेरीची एखादी भिंत तरी काढून आणून द्यावी. आवक-जावकला देगलूरकर, मराठीत सुरू होऊन रागात तेलुगूत शिरणारे. ह्या प्रत्येकाच्या मागे त्या-त्या भागातली चार-पाच माणसं. लातूरवाले, धाराशिववाले, नांदेडवाले असे तीन तट. मी नांदेडच्या तटात, पण खरं सांगायचं तर मी तिन्ही तटांशी भांडून होते.

त्यात दुष्काळ. सलग पाऊस दगा देऊन गेलेला. शहरात पाणी कधी येईल ते कुणी सांगू शकत नव्हतं, म्हणून कचेरीत ज्याने-त्याने आपलं पाणी घरून आणायचं. व्हरांड्यात तीन माठ होते, तीन तटांचे तीन. दुसऱ्याच्या माठातला गडवाभर घेतला की दिवसभर टोमणे. मी एकदा घाईत धाराशिवच्या माठातलं पाणी प्याले, तर धाराशिवकर म्हणाले, "प्या प्या, नांदेडला गोदावरी आटली असंल." माझं डोकं असं फिरलं. मी त्यांना म्हटलं, तुमच्या धाराशिवला तर आटायलाही काही नाही.

इथवर चाललं असतं. पण एका गावाचा टँकरचा अर्ज आमच्याकडे अडकला. बडेबाबू तो कागद धाराशिवकरांच्या हातात देईनात, धाराशिवकर शिपायाकडून घेईनात, आणि देगलूरकर म्हणाले, मला कुणी दिलाच नाही तर मी जावक कसा करू. एके सकाळी त्या गावच्या बाया रिकाम्या घागरी घेऊन आल्या आणि आमच्या पायऱ्यांवर मुकाट बसून राहिल्या. ओरडल्या नाहीत, घोषणा दिल्या नाहीत. साहेब मोटारीतून उतरले आणि त्यांना स्वतःच्या कचेरीत शिरायला वाट मिळेना. मला अजून त्या घागरी आठवल्या की लाज वाटते.

कागद त्याच दिवशी गेला. दुपारी साहेबांनी मला आत बोलावलं.

"बाई, ही माणसं एकत्र आली पाहिजेत. काहीतरी उपक्रम घ्या. सहल, खेळ, काहीही. तुम्ही ठरवा."

"मीच का?"

"कारण तुम्ही तिघांच्याही तोंडावर बोलता. कुणाची बाजू घेता असं कुणी म्हणणार नाही." मग म्हणाले, "ही माणसं एका माठातलं पाणी प्यायला लागली की तुमचा अर्ज घेऊन या. मी शिफारस लिहितो."

त्या क्षणापासून मला तिन्ही तट एकत्र आणायचं वेड लागलं. देशासाठी, जिल्ह्यासाठी वगैरे नाही. लेकीसाठी. मी सगळ्यांना विचारत सुटले. बडेबाबू म्हणाले भजन ठेवा. भजनात लातूरवालेच बसले असते. धाराशिवकर म्हणाले तुळजापूरला सहल काढा, म्हणजे परत त्यांचाच मुलूख. देगलूरकर पत्ते म्हणाले. टायपिस्ट बाई म्हणाल्या हळदीकुंकू. बायका आम्ही दोघीच, मी तिला कुंकू लावायचं आणि तिने मला, झाला उपक्रम. नवऱ्याने सुचवली कबड्डी. शाळेत मुलं एकत्र येतात म्हणे त्याने.

कबड्डी घेतली. मी हुशारी अशी केली की चिठ्ठ्या टाकून दोन संघ केले, म्हणजे सगळे मिसळतील. कचेरीमागच्या मोकळ्या जागेत चुन्याच्या रेघा मारल्या. साहेब खुर्ची टाकून बसले. धाराशिवचा एक कारकून चढाईला गेला, समोर पकडीला धाराशिवचेच दोघं. ते बाजूला सरकले आणि त्याला वाट करून दिली. मी ओरडले, "धरा त्याला."

"कसं धरू बाई? आमच्या भाच्याचा मेव्हणा हाय."

आणि देगलूरकर चढाईला गेले तेव्हा त्यांच्याच संघातल्या लातूरवाल्याने मागून सांगितलं, "धरा धरा, डावीकडून येऊन राहिले." खेळ संपला तेव्हा कुणाचे किती गुण झाले हे पंचालाही सांगता आलं नाही. एकाचा सदरा फाटला आणि त्यावरून पुढचे कित्येक दिवस तकरार चालली. साहेब उठून जाताना मला म्हणाले, "बघा, दुसरं काही जमतंय का."

दुसरं मी फार विचार करून काढलं. श्रमदान. गावाबाहेरचा एक तलाव आटून भेगाळला होता. सगळ्यांनी मिळून एक दिवस गाळ काढायचा. खेळ नाही म्हणजे तट नाहीत, घाम सगळ्यांना सारखाच येणार. साहेबांना फारच आवडलं. त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर बघून दिवसही काढला. "ही अमावस्या बघा. लग्न नाही, मुहूर्त नाही, वास्तुशांत नाही. कुणाला काही काम नसणार." मलाही पटलं. आमच्या मुदखेडच्या घरी शेत नाही. वडील रेल्वेत, नवऱ्याकडे मास्तरकी. अमावस्या म्हणजे नारळ फोडायचा आणि नवं काही करायचं नाही, इतकंच मला ठाऊक.

मी तारीख सांगितली आणि पाच मिनिटांत माझ्या टेबलासमोर बडेबाबू, धाराशिवकर आणि देगलूरकर उभे. तिघं. एका रांगेत. हे दृश्य मी त्या कचेरीत पहिल्यांदा बघत होते.

"बाई, त्या दिवशी कुणी येणार न्हाई," बडेबाबू म्हणाले.

"कामून?"

"येळवस हाय," धाराशिवकर म्हणाले.

"हाव, येळवस हाय," देगलूरकर म्हणाले.

मी विचारलं, "म्हणजे काय?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. भांडणाऱ्या माणसांनी एकमेकांकडे असं पाहावं म्हणून मी कितीतरी महिने जीव टाकत होते, आणि ते झालं कशामुळे, तर माझ्या अडाणीपणामुळे. "बाईला येळवस ठाऊक न्हाई," देगलूरकर धाराशिवकरांना म्हणाले, आणि धाराशिवकरांनी मान हलवली, जशी एखाद्याच्या घरी वाईट झाल्यावर हलवतात.

मग तिघं सांगू लागले. एकमेकांचं वाक्य तोडत. मार्गशीर्षातली ती अमावस्या, वेळ अमावस्या. सगळं गाव रानात जातं. शहरात चिटपाखरू राहत नाही, दुकानं बंद. रानात कडब्याची कोप, छोटी खोपी, करायची, आत पाच पांडव मांडायचे म्हणजे पाच दगड चुन्याने रंगवून, त्यांची पूजा. मग जेवण. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, खीर, धपाटे. भज्जीत रानातलं जे जे हिरवं असेल ते सगळं, हरभरा, तूर, वाटाणा, गाजर, मेथीची भाजी, चिंचेच्या कोळात आणि बेसनात. मग आंबील रानभर शिंपडत फिरायचं, आणि एक आरोळी द्यायची, अर्धी कानडी आणि अर्धी मराठी, जिचा अर्थ तिघांनाही सांगता आला नाही. भज्जीत लसूण किती, यावर धाराशिवकर आणि देगलूरकर भांडले. पण ते भांडण ऐकताना मला भूक लागली, हे मी प्रामाणिकपणे सांगते.

"अन् बोलावणं न्हाई करत," बडेबाबू म्हणाले. "कुणीबी कुणाच्याबी रानात जावं. जेवल्याबगर कुणी सोडत न्हाई."

मग धाराशिवकरांची नजर व्हरांड्यातल्या माठांकडे गेली. 

"औंदा कोण करून राहिलं म्हणा," धाराशिवकर म्हणाले. "रानात काय हाय?" आणि आपापल्या टेबलाकडे निघून गेले.

मी तशीच साहेबांकडे गेले. म्हटलं, श्रमदान रद्द. आपण सगळे त्या दिवशी बडेबाबूंच्या रानात जेवायला जाऊ. साहेब म्हणाले, "जेवायला जाणं हा काय उपक्रम झाला?" मी म्हटलं, "साहेब, ह्या तिघांना मी आज पहिल्यांदा एका गोष्टीवर भांडताना पाहिलं. आजवर ते तीन वेगळ्या गोष्टींवर भांडत होते." साहेब हसले. "ठीक. जमलं तर अर्जावर शिफारस. नाही जमलं तर पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी लेक चौथीत गेली असती. पुढच्या वर्षी ती मला चहाचंही विचारेना झाली असती.

मग मी टेबलावर बसून झोकात नोटीस लिहिली. सर्व कर्मचाऱ्यांनी वेळ अमावस्येच्या दिवशी आस्थापना लिपिक यांच्या शेतात ठीक दहा वाजता हजर राहावे, उपस्थिती अनिवार्य, खाली साहेबांची सही. फळ्यावर लावली आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी बडेबाबू कचेरीत आले, फळ्यापुढे थांबले, नोटीस वाचली आणि खाली न बसता तसेच परत गेले. आयुष्यात कधी अर्धी रजा न घेतलेला माणूस. धाराशिवकर माझ्याकडे आले आणि म्हणाले, "बाई, येळवशीला कागद काढत नसतेत. मयतीला काढतेत." आणि लातूरवाल्यांच्या माणसाची बाजू घेऊन ते माझ्याशी वाद घालताहेत, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

संध्याकाळी मी बडेबाबूंच्या घरी गेले. त्यांच्या पत्नी, म्हणजे वहिनी, दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी मला आत बसवलं. पाणी अर्ध्या पेल्यात दिलं, आणि तेही देताना संकोचल्या. बडेबाबू खाटेवर बसून होते.

"न विचारता माझ्या रानाचा कागद काढला तुम्ही," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, त्याने जास्त लागलं. "तिथं विहिरीत बेडूक बी न्हाई. ज्वारी गुडघ्याच्या वर आली न्हाई, करपली. आमच्या बापाच्या वेळंला शंभर माणूस जेवून जायचा त्या रानात. तिथं कचेरी बोलवू? नुसत्या ढेकळांत? लाज वाटती बाई मला."

मला वाईट वाटायला हवं होतं. मला राग आला. माझा हा स्वभावच आहे, जिथे रडायचं तिथे मी भांडते. मी म्हटलं, "आम्ही जेवायला येणार आहोत, पीक मोजायला नाही. आणि मला खरं सांगायचं तर तुमच्या येळवशीचं काही पडलेलं नाही. माझी पोरगी मला पाहुणी म्हणते. तुम्ही सगळे एकत्र जेवलात तर साहेब मला सोडणार आहेत. मला माझ्या पोरीकडं जायचंय, बास. म्हणून कागद काढला." आणि हे बोलता बोलता माझं रडू फुटलं. परक्याच्या घरात, खाटेसमोर, अर्धा पेला हातात धरून.

 वहिनींनी तांदळाचं सूप बाजूला ठेवलं.

"येणाऱ्याला न्हाई म्हणायची रीत न्हाई आपल्यात. पण बोलवायची बी न्हाई. तो कागद फाडा. मग ज्याला यायचं तो ईल."

मी सकाळी सगळ्यांच्या आधी कचेरीत जाऊन नोटीस फाडली. साहेब म्हणाले, "मग येणार कोण?" मी म्हटलं, "माहीत नाही." त्यानंतर कुणीही त्या विषयावर चकार शब्द काढला नाही. मी तिघांच्या तोंडाकडे बघायची, तिघंही फायलीत डोकं घालून. माझ्या जिवाला नुसता घोर.

अमावस्येच्या आदल्या दिवशी नवरा लेकीला घेऊन आला. मीच बोलावलं होतं. म्हटलं कुणी नाही आलं तर निदान आपण तिघं तरी रानात बसू.

लातूर खरंच रिकामं होतं सकाळी. आम्ही औसा रोडने रिक्षात गेलो, मग पायी. बडेबाबूंचं रान दुरून दिसलं. ते म्हणाले होते तसंच होतं सगळं. करड्या रंगाची ढेकळं, कुठे कुठे वाळलेले खुंट. मध्ये एका बाभळीशेजारी तुराट्यांची आणि जुन्या लुगड्यांची कोप. कडबा नव्हताच. कोपीत चुन्याने रंगवलेले पाच दगड, समोर वहिनी बसलेल्या. बडेबाबू धोतरात, डोक्याला पटका. मी त्यांना आजवर फक्त पँटमध्ये पाहिलं होतं.

"या," एवढंच म्हणाले.

आम्ही बसलो. ऊन वर आलं. कुणी नाही. लेक म्हणाली, "आई, बाकीचे कुठेत?" मी म्हटलं येतील, आणि मला माझ्याच बोलण्याचा भरवसा नव्हता.

मग बांधावरून देगलूरकर येताना दिसले. खांद्यावर माठ. कचेरीतला नांदेडच्या तटाचा माठ, तोंडाला फडकं बांधलेला. मागे त्यांची बायको, डोक्यावर दुरडी. देगलूरकर माठ कोपीत टेकवून म्हणाले, "विहीर कोरडी हाय म्हणून कळलं. म्हणून पाणी आपलं आपण आणलं." त्यांनी पुरते गुडघे टेकलेही नव्हते तोवर सायकल ढकलत धाराशिवकर आले. कॅरियरला माठ, धाराशिवचा, दोरीने पक्का बांधलेला. दोघांनी एकमेकांचे माठ पाहिले. कुणी कुणाला विचारलं नव्हतं. कोरड्या विहिरीवाल्याच्या घरी जेवायला जाताना पाणी मागायची वेळ आणू नये, हे दोघांनाही आपापलं सुचलं होतं. मग बाकीचे येत राहिले, बांधाबांधाने, बायका-पोरं घेऊन. धाराशिववाले आपल्या गावी जाऊ शकले असते, तिथेही रानं होती त्यांची. ते इथे आले होते. दुपारी साहेबही आले, चपला हातात घेऊन, ढेकळांत तोल सावरत.

प्रत्येकाने घरून भज्जी आणली होती, पण दुष्काळातली. एकाच्यात हरभरा होता तर वाटाणा नव्हता, एकाच्यात नुसतंच गाजर, आणि टायपिस्ट बाईंच्यात बहुतेक बेसनच. वहिनींनी सगळ्यांची पातेली पाहिली आणि म्हणाल्या, "इतकुशा इतकुशानं कुणाचं पोट भरंल?" आणि एक मोठं भगुणं घेऊन सगळ्यांची भज्जी त्यात ओतली. ढवळून घेतली. देगलूरकरांचा लसूण धाराशिवकरांच्या चिंचेत गेला आणि आता भांडायला काही उरलंच नाही. मी त्यानंतर पुष्कळ ठिकाणी जेवले आहे. तशी भज्जी मला पुन्हा मिळाली नाही, आणि ही तोंडदेखली स्तुती नव्हे.

पाणी ज्याने-त्याने जो माठ जवळ असेल त्यातून घेतलं. मी डोळ्यात तेल घालून बघत होते. धाराशिवकरांनी आमच्या माठातून गडवा भरला आणि घटाघटा प्यायले. काही टोमणा मारतील म्हणून मी वाट पाहिली. "गार हाय," म्हणाले. साहेबांनी आंबील पिताना मिशीला लावून घेतली तेव्हा माझी लेक इतकी हसली की तेही हसले.

उन्हं कलली तशी बडेबाबू आंबिलीचं मडकं घेऊन उठले. लिंबाच्या डहाळीने आंबील शिंपडत रानाभोवती निघाले, आरोळी देत. मागे सगळे. त्या करपलेल्या ढेकळांवर ते जपून, एकही सरी न चुकवता शिंपडत होते, जणू खाली डोलणारी ज्वारी असावी. मला ते बघवेना. लेकीने धाराशिवकरांचं बोट धरलं होतं, तिने विचारलं, "काका, पीकच नाही, मग कशाला शिंपडायचं?"

"पीक न्हाई," धाराशिवकर म्हणाले. "रान तर हाय की."

आणि तिला आरोळी शिकवली. माझी गंभीर, तुटक बोलणारी पोरगी त्या ओसाड रानात ओरडत पळत होती, आणि मधेच पळत येऊन तिने माझ्या कमरेला मिठी मारली, घामेजलेली, हाताला आंबील लागलेली. मी पाहुणी नव्हते त्या दिवशी.

सोमवारी व्हरांड्यात तिन्ही माठ एकाच तिवईवर होते. साहेबांनी ते पाहिलं, मला आत बोलावलं, आणि माझ्या अर्जावर चार ओळींची शिफारस लिहून खाली सही केली. अर्ज आता तीन टेबलांवरून फिरून वर जायचा होता. त्या आठवड्यात टँकरचे कागद सकाळी येऊन दुपारी जायला लागले. माझाच अर्ज मात्र जाईना. बडेबाबूंना विचारलं तर म्हणाले हिशेबात असेल. धाराशिवकर म्हणाले आवक-जावकला असेल. देगलूरकर म्हणाले माझ्याकडं आलाच नाही, आणि हे म्हणताना त्यांनी धाराशिवकरांकडे पाहिलं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिघं मिळाले होते. ज्यांना एकत्र आणायला मी जिवाचं रान केलं, ते एकत्र येऊन पहिलं काम काय करतात, तर माझा अर्ज दाबतात.

मी कचेरी डोक्यावर घेतली. काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. बडेबाबूंनी सगळं ऐकून घेतलं, मग खण उघडून अर्ज बाहेर काढला.

"तुम्ही गेल्यावर आमच्याशी भांडंल कोण?" ते म्हणाले. "आम्ही ठरवलं होतं, पोरीला इकडंच आणा म्हणावं. आमच्या घरी एक खोली रिकामी हाय. पण धाराशिवकर म्हणाले, पोरीचा बाप बी तिकडंच हाय, शाळा हाय, आजी हाय. आपलं चुकून राहिलं." त्यांनी अर्ज माझ्या हातात दिला. "तुमच्या हातानं पुढं न्या. आमच्यानं होईना."

मी तो अर्ज घेऊन टेबलाटेबलाला गेले. बडेबाबूंनी सही केली. धाराशिवकरांनी वर न बघता सही केली. देगलूरकरांनी जावकचा शिक्का मारला, आणि तो इतका हळू मारला की नीट उठलाच नाही, पुन्हा मारावा लागला.

उन्हाळ्यात माझी बदली झाली. मी घरी गेले. लेक रोज शाळेतून आली की दप्तर टाकून आधी मी घरात आहे का ते बघायची, आणि आहे असं दिसलं की निघून जायची खेळायला, माझ्याशी एक शब्द न बोलता. यापेक्षा मोठं सुख मला माहीत नाही.

त्या वर्षी पाऊस झाला. मार्गशीर्ष आला तशी मी अस्वस्थ झाले. लातूरहून कुणाचं काही पत्र नाही, निरोप नाही. मी नवऱ्याला म्हणत राहिले की विसरले असतील, आता त्यांचं त्यांचं जमलं, माझी काय गरज. नवरा ऐकून घ्यायचा. लेकच शेवटी म्हणाली, "आई, बोलवत नसतात ना त्या दिवशी?"

अमावस्येला पहाटेची पहिली बस धरली आम्ही. अहमदपूरच्या पुढे दोन्ही बाजूंना ज्वारी होती. औसा रोडला उतरून चालायला लागलो तर बडेबाबूंच्या रानात शिरायची वाटच सापडेना, माझ्या खांद्याच्या वर पीक. कडब्याची मोठी कोप दिसली. मी बांधावर थांबले. न बोलावता आल्याची एकदम भीती वाटली मला. आत सगळे जेवायला बसत होते. वहिनी पत्रावळी मांडत होत्या, आणि बडेबाबूंच्या शेजारी तीन पत्रावळी मोकळ्या होत्या.

धाराशिवकरांनी मान वर करून आमच्याकडे पाहिलं.

"उशीर केला," ते म्हणाले, आणि पाण्याचा गडवा माझ्याकडे सरकवला.